पन्नास मिनिटांवरचं जळगाव

रुपरावांची उभी हयात नागपूरच्या विमानतळावर गेली, पण विमानात नव्हे, तिथल्या बागेत. स्वतः एकदाही विमानात न बसलेला हा माणूस विमानाबद्दल असा बोलायचा, जणू घरचीच बैलगाडी. सोनेगावात कुणाला कुठं जायचं असलं की तो आधी रुपरावांना विचारी, आणि मग रुपरावांना आवरणं कठीण होई.

त्या सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. त्यांच्या बायकोचं, प्रेमिलाबाईंचं, आता काही खरं नव्हतं. कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा म्हणाले. बोलवायचं कुणाला? एकुलती एक लेक भूमिका, जळगावला दिलेली. निरोप मिळताच ती तान्ह्या लेकराला घेऊन तशीच स्टेशनावर पळाली आणि तिथून तिनं फोन केला.

"बाबा, लई गर्दी आहे, जनरलमधे चढून राहिली मी."

रुपरावांच्या हातात मोबाइल होताच. जळगाव आणि नागपूर, दोन विमानतळांची नावं टाकली तशी अंतर आणि वेळ समोर आली.

"चढू नको वं! लेकराले काहून चेंगरतं? इमानानं ये. पन्नास मिनिटं फक्त!"

बाबा बोलले म्हणजे झालंच. भूमिकानं गाडी जाऊ दिली.

रुपरावांनी प्रेमिलाबाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पोरगी इमानानं येऊन राहिली." कित्येक दिवसांनी ती माउली हसली.

दुपारी जावयाचा फोन आला. "मामा, इथून नागपूरला विमानच नाही. मुंबईहून फिरून यायचं, तेही उद्या. मधल्या गाड्याही गेल्या. आता रात्रीच्या गाडीनं निघतो, सकाळी पोचू."

रुपरावांनी ते पान पुन्हा उघडलं. अंतर होतं, वेळ होती. विमान जातं, असं त्या पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी नकाशावर सरळ रेघ ओढून हिशेब केला होता, आणि त्या रेघेवर त्यांनी लेकीला बसवलं होतं.

बायकोला खरं सांगायची छाती झाली नाही. दवाखान्यावरून विमान गेलं की ती विचारायची, "हेच का?" उन्हं कलली, तिचा श्वास अडकू लागला, तेव्हा रुपरावांना राहवलं नाही.

"उतरली वं. येऊनच राहिली."

त्यांना वाटलं, आता ती सुखानं जाईल. तिनं मान दाराकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली.

"अवो, उतरली न? मंग वर काहून येत नाही? बाळंतपणाले मी गेली नाही म्हून रागावली का माह्यावर?"

"नाही वं, नाही."

"मंग?"

आता खरं सांगूनच टाकावं म्हणून रुपरावांनी तोंड उघडलं. तोवर तिचे डोळे दारावरच थिजले होते.

सकाळी भूमिका आली. आईच्या अंगावर पडून पोटभर रडली, मग बाबांचा हात धरून म्हणाली, "माही वाट पाहिली का तिनं?"

"पाहिली."

"मी आली नाही म्हून रागावली तर नव्हती न माह्यावर?"

"नाही वं, नाही."

भूमिकानं मान हलवली आणि डोळे पुसले. बाबा बोलले म्हणजे झालंच.