सेनापतीची बोली

टोकियोत ऑलिंपिक होऊन गेल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पृथ्वीवर हल्ला केला. सेनापती सासामोरी तोकुजी, आणि त्याच्या डाव्या हाताला उभा राहणारा उपसेनापती मी, ओसादा. दोघांनाही रुपेरी रबराचे अंगरखे आणि झुरळासारख्या मिशा लावलेली शिरस्त्राणं होती. आमच्या हुकमातला राक्षस झुबारा बंदर तुडवायचा. ते काम शेजारच्या शेडमध्ये वेगळी माणसं करत. आम्ही यानात उभं राहून नुसते हुकूम सोडायचे.

पटकथेत आमच्या संवादांपुढे ‘अगम्य भाषेत’ असं लिहिलेलं होतं. अर्थ पडद्याच्या कडेला अक्षरांत येणार होता. दिग्दर्शक इनुईसान म्हणाले, “काहीही बोला, फक्त भाषा वाटली पाहिजे.” सासामोरी सकाळभर काहीबाही बोलत राहिला. शेवटी इनुईसान म्हणाले, “सर्दी झालेला माणूस वाटतोय. ग्रह जिंकायला आलेला वाटत नाही.”

दुपारी शिरस्त्राण कानात रुतायला लागलं तसा तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. इनुईसान खुर्चीतून उठलेच. “हे. हेच बोला.”

ती त्सुगारूची बोली होती. सासामोरी तिकडचा, पार उत्तरेच्या टोकाचा, सफरचंदांच्या बागेत वाढलेला. तिकडे थंडीपायी माणसं तोंड फारसं उघडत नाहीत म्हणतात. शब्द आखूड, अर्धे नाकातले. टोकियोच्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नाटकाच्या शाळेत त्याची ती बोली पार घासून काढली होती. मीही ती कधी ऐकली नव्हती.

“काय म्हणालास तू?” मी नंतर विचारलं.

“याच्या आईला, कान तुटला.”

मग तो सुटलाच. पडद्यावर ‘शहर भस्म करा’ अशी अक्षरं येणार असायची आणि हा झुबाराला सांगायचा, भात करपतोय, खाली उतरव. इनुईसान खूश होते.

सर्वात शेवटी निर्वाणीचा इशारा होता. सेनापती एकटा, तोंड थेट कॅमेऱ्याकडे. तो बराच वेळ बोलला. संपल्यावर इनुईसान म्हणाले, “छान. पण दुःख जरा कमी करा. तुम्ही जिंकताय.” पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा घेतलं नाही, कारण त्या रबरात आमच्यातला एक सैनिक घेरी येऊन पडला. सासामोरी काय बोलला ते या वेळी मी विचारलं नाही.

चित्रपट वर्षअखेरीस लागला. टोकियोत नेहमीसारखी पोरं आली. त्सुगारूतल्या हिरोसाकी गावाच्या थिएटरमालकाचा मात्र स्टुडिओला फोन आला, की इथे म्हातारीकोतारी दोनदोनदा येताहेत. राक्षसाकडे कोणी बघत नाही. सेनापतीला पोशाखासकट पाठवून द्या.

“तूही चल,” सासामोरी मला म्हणाला. “वडील तिथेच असतात.”

“मग बरंच झालं की.”

“नाटकात गेलास तर दाराशी येऊ नकोस, म्हणाले होते. मग घरी गेलोच नाही.”

हिरोसाकीत बर्फ छपरांना टेकलं होतं. थिएटरात शेगडीचा आणि भाजलेल्या सुक्या माकूळ माशाचा वास कोंडला होता. सासामोरी पडद्यामागे पोशाख चढवत होता. त्याची बहीण सुए माझ्या शेजारी बसून, मला कळावं म्हणून टोकियोच्या भाषेत हळूच सांगत होती. करपलेल्या भातापाशी लोक मनसोक्त हसले. पहिल्या रांगेत जाड कोट घातलेला एक म्हातारा हसला नाही. “तेच आमचे वडील,” सुए म्हणाली.

मग इशारा आला. पडद्यावर अक्षरं आली: ‘पृथ्वीवासीयांनो, तुमचा प्रतिकार व्यर्थ आहे.’

सुए म्हणाली, “म्हणतोय, बाबा, आई गेली ते मला परक्या माणसाकडून कळलं.”

‘उद्या सूर्योदयापर्यंत शरण या.’

“म्हणतोय, दाराशी आलो नसतो. रस्त्यात उभा राहिलो असतो.”

पुढचं तिने सांगितलं नाही. ती नाक पुसत होती.

दिवे लागले. सासामोरी मंचावर आला आणि शुद्ध टोकियोच्या भाषेत, लवून, सर्वांचे आभार मानू लागला. कोणी टाळी वाजवली नाही. म्हातारा उठून उभा राहिला आणि एकच शब्द बोलला.

“टोपी काढ म्हणताहेत,” सुए म्हणाली.

शिरस्त्राण एकट्याच्याने निघत नसे. मी धावत जाऊन ओढलं, तेव्हा ते थोड्या केसांसकट निघालं. म्हाताऱ्याने मुलाचं तोंड नीट पाहून घेतलं. मग सगळ्यांदेखत ते दोघं बोलले. सुएने ते मला असं सांगितलं.

“तुझी आईच म्हणाली होती, त्याला कळवू नका, त्याचं काम बुडेल.”

“हं.”

“काय काम होतं तेव्हा?”

“मेलेल्या सैनिकाचं.”

“बोलायचं होतं काही?”

“नाही. पडून राहायचं होतं.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “तरी मी कळवायला हवं होतं,” तो म्हणाला आणि कोटाची बटणं लावायला लागला. पहिलं बटण चुकलं, म्हणून सगळी सोडून पुन्हा लावली. “जेवायला चला. तो दुसराही येऊ दे.”

तो दुसरा मी. जेवताना म्हाताऱ्याने सुएकरवी मला विचारलं, “तुम्ही याच्या हाताखाली?”

“हो.”

“ऐकता याचं?”

“पटकथेत तसंच आहे.”

“बरं आहे,” तो म्हणाला आणि माझ्या वाटीत आणखी एक कॉड माशाचा तुकडा टाकला.

सासामोरीने आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि बराच वेळ उठला नाही. तो तिथेच राहिला. बागेत छाटणी चालू होती. मी त्याचा पोशाख घेऊन एकटाच परतलो. आठवड्याने तो आला तेव्हा हातांना फोड होते आणि इनुईसानांपाशी त्याची एकच अट होती.

त्यानंतर आमच्या स्टुडिओने पृथ्वीवर पुष्कळ हल्ले केले, पण सफरचंदं उतरवायच्या दिवसांत एकही केला नाही.