देवीदासला पोचवायला गेलेली जीप

मित्रांनो, सौंसरच्या गॅरेजमागे बाभळीखाली एक गंजका सांगाडा उभा आहे. गॅरेजवाले त्याच्या बोनेटवर पाने-पक्कड पसरून ठेवतात. ती मी, एक जीप. माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझी कीव यावी असं मला वाटत नाही. राग आला तर बरं वाटेल.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी सहा माणसांसाठी होते. पहिली दहा वर्षं मी पाटबंधारे खात्याच्या एका साहेबांकडे काढली. तेल, पाणी, ग्रीस सगळं वेळच्या वेळी. साहेब तिरसट होते, पण माझा ब्रेक जरा ढिला वाटला की पाऊलभर पुढे जाऊ देत नसत. पुढे लिलाव झाला आणि मी कवडूच्या हाती आले.

कवडू वाईट माणूस नव्हता, आणि हेच सांगायला मला जड जातं. म्हातारीला हात धरून चढवायचा, बाळंतिणीला पुढची जागा द्यायचा. त्याने पांढुर्ण्याला माझी बॉडी वाढवून घेतली, मागे फळ्यांचे बाक ठोकले, टपावर पाइप बसवला, शेपटीला पायरी जोडली. सहाची मी एकवीस माणसांची झाले. पांढुर्णा ते सौंसर, सौंसर ते लोधीखेडा, बाजाराच्या दिवशी मोहगाव. लोक म्हणायचे, "हे जीप नाही बाप्पा, हत्तीण हाये!" खोटं कशाला बोलू, मीही फुगून जायची.

ब्रेक मात्र बसत चालला होता. पहिल्यांदा पाय दाबला की काहीच होत नसे, दुसऱ्यांदा दाबला की मी कुरकुरत थांबायची. हँडब्रेक तर नावालाही नव्हता. चढावर थांबलो की कुणीतरी उतरून चाकामागे दगड लावायचं आणि बाकीचे त्याला कंडक्टरसाहेब म्हणून हसायचे. रोज बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

आता केसरबाईबद्दल सांगते. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून, संत्र्यांच्या पेट्या भरून तिने एकुलत्या देवीदासला शिकवलं. पंच्याऐंशी साली तो इंजिनिअर झाला. सौंसरच्या त्यांच्या वस्तीतला पहिलाच. दिल्लीच्या एका कंपनीने नोकरी दिली आणि हजर व्हायला चक्क विमानाचं तिकीट पाठवलं.

वस्तीला आनंद झाला आणि लगेच घोर लागला. त्याच उन्हाळ्यात एक विमान समुद्रात पडल्याची बातमी रेडिओवर आली होती. माझ्या बाकांवर पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता.

"वरतं धराले काहीच नाही वो," केसरबाई म्हणायची. "पडलं तं लेकरू कुठी धरीन? जीपीचं कसं, खाली आपली जमीन तं हाये."

तिचा भाऊ हिरामण म्हणायचा, "अन् त्याचा डायवर कोन, कुठचा, तोंड बी दिसत नाही. आपला कवडू कसा, घरचा मानूस."

कवडू मान डोलवायचा. देवीदास एकदा बोलून गेला, "मामा, विमानापेक्षा रस्त्यावरच जास्त लोकं मरते. मी वाचलं हाये." तेव्हा एकवीसच्या एकवीस जण असे हसले की माझे पत्रे खडखडले. पायरीवर लोंबकळणाऱ्याचा तर हसताना एक हात सुटला होता.

जायच्या दिवशी तांबडं फुटताच सगळे बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे राहिले, त्रिशरण म्हटलं, आणि मग माझ्यात चढले. आमच्याकडे कुणाला दूर पाठवायचं तर एकट्याला पाठवत नाहीत. सारी वस्ती पोचवायला जाते. मी मोजली, बावीस माणसं होती. सावनेरवरून नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, आम्ही वेळेत पोचलो.

निघताना केसरबाईने देवीदासला बजावलं, "उतरल्याबरोबर तार कर. तुई तार हाती येईपर्यंत मी घास घेनार नाही."

"माय, जेवून घे ना. दोन घंट्यांत पोचतो मी."

"तू जाय. मले नोको शिकवू."

विमान उडालं. दिसेनासं झालं तरी ती तारेच्या कुंपणाला धरून उभी होती. बाकीच्यांनी झाडाखाली शिदोरी सोडली. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

परतीला तिला कवडूशेजारी बसवलं. पोस्ट बंद व्हायच्या आत तिला सौंसर गाठायचं होतं. "जरा हाकल ना रे कवडू. तार येऊन पडली असन. माया जीव थाऱ्यावर नाही." दर दोन मैलांवर ती हेच म्हणत होती. कवडूला तिची दया आली आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय दाबतच नेला. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

लोधीखेड्याच्या पुढे उतार आहे आणि खाली नाल्यावर अरुंद पूल. पुलावर कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, होती. कवडूने पाय दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला. बंडीवाल्याला वाचवायला त्याने मला डावीकडे वळवलं आणि मी बावीसपैकी एकवीस माणसांसकट नाल्यात गेले.

तिघं जागीच गेली. केसरबाई त्यात होती. हिरामणचा हात मोडला. कवडूला खरचटलंसुद्धा नाही.

देवीदासची तार पाच वाजता आली. सुखरूप पोचलो, जेवून घे. पोस्टमनला वस्तीत घेणारं कुणी सापडलं नाही, म्हणून त्याने ती दाराच्या फटीतून आत सरकवली.

देवीदास दुसऱ्या दिवशी विमानानेच परत आला. हिरामण त्याच्या गळ्यात पडून रडला, "विमानानं खाल्लं रे तुया मायले!" मग सगळेच तसं म्हणू लागले. विमानाचं तिकीट आलं नसतं, तर पोचवायला जावं लागलं नसतं, आणि हे घडलं नसतं. कवडूचा काय दोष? त्याने तर बंडीवाल्याला वाचवलं. माझं नाव तर कुणी काढलंच नाही. मित्रांनो, मी आयुष्यात फार कौतुक ऐकलं, पण त्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतं.

पोलिसांनी पंधरा दिवसांत मला सोडलं. पत्रे ठोकून सरळ केले, निळा रंग दिला, आणि मी पुन्हा सौंसरच्या स्टँडवर उभी राहिले. देवीदासच्या रजेची मुदत संपली होती, त्याला परत जायचं होतं. तो आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कवडूला विचारलं, "ब्रेक बदलवले?"

कवडू खाली पाहत म्हणाला, "बदलवतो ना भाऊ. संत्र्याचा सीझन जाऊ दे."

बाकांवरची माणसं कुजबुजली. हिरामण मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून पुढे आला. "देवीदास, काहून त्याच्या जखमेवर मीठ चोयतं? तो का कमी रडून राहिला? तुया खिशात तिकीट हाये ना विमानाचं, ते दे इकडे."

"मामा, मले उद्या हजर व्हायचं हाये."

"परवा हो. मायची शप्पत घे, पुन्हा विमानात बसनार नाही म्हून."

सगळी वस्ती त्याच्याकडे पाहत होती. सगळ्यांना बरोबर उत्तर ठाऊक होतं आणि त्याचं एकट्याचं चुकत होतं. त्याने तिकीट काढून दिलं. शपथ घेतली. एका हाताने फाडता येईना, म्हणून हिरामणने तिकीट दातात धरून फाडलं.

पांढुर्ण्याहून त्याला रेल्वे धरायची होती. मी भरलेली होते. कवडूने त्याला मागच्या पायरीवर उभं केलं आणि पाइप घट्ट धरायला सांगितला. हिरामणने डोळे पुसले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाला, "जाय आता. मले काही घोर नाही."

देवीदास पोचला. त्यानंतरही मी तीन वर्षं धावले. ब्रेक बदलले नाहीत. गिअरबॉक्स फुटला तेव्हा कुठे मला इथे आणून सोडलं.

मित्रांनो, आता कुणी माझी काळजी घ्यावी असं माझ्यात काही उरलेलं नाही. तुमची तुम्हीच घ्या. ड्रायव्हर घरचा आहे, रस्ता ओळखीचा आहे, खाली जमीन आहे, म्हणून बसू नका. बसण्याआधी विचारा, ब्रेक लागतो का. तो हसला, तर खाली उतरा.