इस्त्रीच्या वायरची लांबी

मेहुण्याच्या कॉलरवर नखाएवढा डाग पडला आणि त्यापायी इस्त्रीवाल्याचं डावं मनगट मोडलं. मेहुणा दुकानात आला तो लोखंडी गज घेऊनच. "दाजी, नवा शर्ट होता," एवढंच बोलला आणि गज हाणला. दुसरा घाव डोक्यात बसणार हे इस्त्रीवाल्याला दिसलं. उजव्या हातात तापलेली इस्त्री होती, ती त्याने मेहुण्याच्या छातीवर टेकवली. इथवर कायदा त्याच्या बाजूने होता. कायदा सहसा कुणाच्या बाजूने इतका वेळ उभा राहत नाही.

मेहुण्याच्या हातातून गज सुटला. तो धडपडत पलीकडच्या भिंतीशी गेला आणि पालथा पडला. त्यानंतर त्याच्या पाठीवरही इस्त्रीचा डाग उठला, अगदी टोकासकट. गल्लीत बोलबाला झाला की माणूस कामाला चोख, दोन्ही बाजू केल्याशिवाय सोडत नाही. जामिनावर सुटून आल्यावर हा विनोद इस्त्रीवाल्याला तिघांनी ऐकवला. तिन्ही वेळा तो कसनुसा हसला.

वकीलबाई हसल्या नाहीत. अंगावर आलेल्याला अडवायला लागेल तेवढा मार चालतो, त्यांनी समजावलं. तो आडवा झाला की हक्क संपला. पाठ कुणावर धावून येत नाही. इस्त्रीवाला म्हणाला, तो परत उठेल अशी भीती वाटली. भीती कोर्टात मांडता येते, वकीलबाई म्हणाल्या, पण या वायरचं काय करू? पंचनाम्यात वायर चार फूट होती आणि मेहुणा बटणापासून आठ फुटांवर. म्हणजे मधे कुणीतरी प्लग काढला. घाबरलेला माणूस हिसडा मारून काढतो. फोटोत मात्र भिंतीवरचं बटण व्यवस्थित बंद होतं.

"बटण तुम्ही बंद केलंत? कुठल्या हाताने?"

"उजव्या. डावा मोडला होता ना."

"उजव्यात तर इस्त्री होती."

"ती आधी उभी करून ठेवली," इस्त्रीवाला म्हणाला. "नाहीतर टेबल जळतं."



झालं ते पाहणारी एकटी बायको होती. ती तेव्हा दुकानातच घड्या घालत होती. वकीलबाईंकडून घरी जाताना तिने परस्पर ठरवून टाकलं, बटण मी बंद केलं म्हणते. त्याने नको म्हटलं, खोटं अंगाशी येतं म्हटलं. "भाऊ माझा, नवरा माझा," ती म्हणाली, "मग बटणही माझंच."

कोर्टात मेहुणा बाकाच्या कडेला ताठ बसला होता. पाठ टेकवणं त्याला अजून जमत नव्हतं. बायको पिंजऱ्यात उभी राहिली, भावाकडे तिने बघितलं नाही. आग लागू नये म्हणून बटण मी बंद केलं, प्लगही मीच काढला, असं तिने एका दमात सांगितलं. सरकारी वकिलांचा आवाज एकदम मऊ झाला.

"भाऊ खाली पडल्यावर?"

"हो."

"म्हणजे इस्त्री त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी सोय तुम्ही करून दिलीत."

सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळले आणि म्हणाले, साहेब, मग या बाई साक्षीदार कशा, यांनाही आरोपी करायला हवं.

इस्त्रीवाला उठला. न्यायाधीश म्हणाले, बसा, तुमची पाळी येईल. तो बसला नाही. वकीलबाईंनी त्याची बाही ओढली, तरी बसला नाही.

"बटण मी बंद केलं, साहेब. तिने कशालाच हात लावला नाही."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. हे लिहून घेतलं जाईल, कळतंय ना, असं न्यायाधीशांनी विचारलं. त्याने मान हलवली.

"बटण बंद करायला वेळ होता. दार उघडं होतं. मग बाहेर पडायला वेळ नव्हता?" न्यायाधीशांनीच पुढे विचारलं.

बायको पिंजऱ्याचा कठडा धरून नाही, नाही अशी मान हलवत होती.

"होता," इस्त्रीवाला म्हणाला. "तिला घेऊन निघायलाही होता. जावंसं वाटलं नाही."

न्यायाधीशांनी ते शब्दशः लिहून घ्यायला लावलं. मग बायकोला म्हणाले, तुम्ही खाली उतरा.