खालची फळी

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. साखरेची जेवणाआधी, बीपीची जेवणानंतर. गुडघ्याची, अगदीच सोसवेना तेव्हा.

भाजीचा गाडा पुलापर्यंत येतो आणि तिथूनच वळतो.

हिरव्या बांगडीचा तुकडा. शर्टाचं बटण. पांढऱ्या दोऱ्याची गाठ.

खडीकेंद्राची धूळ दुपारी पत्र्यांवर बसते. पत्रे तापले की तिला भाजल्यासारखा वास सुटतो.

काचेच्या दारावर चिकटवलेला कागद: 'या फ्रीजमध्ये कंपनीच्या मालाखेरीज काहीही ठेवू नये.'

*

तो फ्रीज रत्नम्माच्या दुकानात होता, आणि दुकान लातूरच्या कडेला, खदानीजवळच्या वस्तीच्या तोंडाशी. फ्रीज थंड पेयांच्या कंपनीचा. रत्नम्मानं त्यातून कंपनीच्या बाटल्या विकायच्या, एवढाच व्यवहार. पण गेल्या उन्हाळ्यापासून वरच्या फळ्यांवर बाटल्या आणि सगळ्यात खालच्या फळीवर वस्तीचं इन्सुलिन, अशी वाटणी झाली होती.

झालं होतं असं. धुरपताबाईला साखर, बीपी, थायरॉइड आणि गुडघे. "माझ्या घरात माणसं कमी अन् आजार जास्त," असं ती स्वतःच सांगायची. वस्तीतल्या दवाखान्याच्या डॉक्टर लुंबिनी मॅडमनी तिचं इन्सुलिन वाढवलं, पुन्हा वाढवलं, तरी साखर उतरेना. शेवटी एका दुपारी मॅडम तिच्या घरीच आल्या. कोनाड्यातली बाटली हातात घेतली, वर पत्र्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, हे उन्हानं नासलेलं दूध आहे. याचा आता उपयोग नाही."

वस्तीत कुणाच्याच घरी फ्रीज नव्हता. दवाखान्यातला लशींचा, त्यात दुसरं काही ठेवायची परवानगी नाही. संध्याकाळी साबण घ्यायला गेलेली धुरपताबाई हे सगळं रत्नम्माला सांगत बसली. मदत मागावी असं तिच्या डोक्यातही नव्हतं. रत्नम्मा कपाळाला विभूती लावणारी, तोंडानं कडक बाई. तिनं ऐकलं, उठली, खालच्या फळीवरच्या बाटल्या क्रेटमध्ये काढल्या आणि फळी पुसली.

"आण," ती म्हणाली.

मग ग्यानोबाची डबी आली, नागुबाईची आली, आणखी कुणाकुणाच्या आल्या. डब्या सगळ्या सारख्या आणि वाचता येणारे थोडे. म्हणून धुरपताबाईनं आपल्या डबीला बांगडीचा तुकडा बांधला, ग्यानोबानं बटण, नागुबाईनं पांढरा दोरा. त्या उन्हाळ्यात धुरपताबाईची साखर उतरली. मॅडमनी दोनदा तपासली, कारण त्यांचा विश्वास बसेना.

*

यंदा चैत्रात कंपनीचा रुद्रेश आला. उदगीरचा पोरगा, बोलायला गोड.

"अक्का, तुमचा माल उचलंना गेलाय. खालची फळी रिकामी..."

"रिकामी कुठं हाय? डोळे तपासून घे. दवाखाना जवळच हाय."

"तेच म्हणायलोय की. साहेब इचारायलेत. महिनाअखेरपर्यंत खप वाढला न्हाई तर फ्रीज उचलावा लागंल. टेम्पो घेऊनच यावं लागंल मला."

"ये. चहा पिऊन जा टेम्पोवाल्यासंगं."

पायरीवर पाय पसरून बसलेल्या धुरपताबाईनं हे ऐकलं. कोनाड्यातलं ते वर्ष तिला पुन्हा नको होतं: रात्रंदिवस तहान, पायांना मुंग्या, आणि औषध घेऊनही बरं न वाटणाऱ्या माणसाकडं लोक बघतात तसं बघणं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर चर्चा झाली. ग्यानोबाच्या पायाचं एक बोट साखरेनं नेलेलं, आता किडनीही कुरकुरू लागलेली; पण हातगाडा अजून त्याच्याकडं होता.

"मग खपवू की माल," तो म्हणाला. "आपल्याला कुठं प्यायचाय, इकायचाय."

"साखरेच्या पेशंटांनी साखरेचं पाणी इकायचं?" नागुबाई हसली. "मॅडमला कळलं तर सुई मोडंस्तवर टोचतील."

मॅडम दारातच उभ्या होत्या. "मी हे ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग आत वळता वळता, "फ्रीज गेला तर मी काय करू, तेही मला माहीत नाही."

*

ग्यानोबा खडीकेंद्राच्या फाटकावर उभा राहिला. धुरपताबाई बर्फाची बादली घेऊन शाळेच्या दारात. पहिल्या दिवशी बादली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी एका पोरीनं बाटली घेतली, भिंतीच्या सावलीत बसली, दप्तरातून टोस्ट काढला आणि घोटाघोटानं खाऊ लागली.

"हे जेवण हाय का गं?"

"रोजचंच हाय. आई अंधारातच कामाला जाती. हे पिलं की भूक लागत न्हाई."

धुरपताबाईला आपलं सगळं बिगारकाम आठवलं. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहायची आणि दुपारी चहा-टोस्ट, की झालं जेवण. भूक मारायला तेव्हाही गोडच लागायचं. तिनं बादली उचलली आणि भरलेलीच परत आणली.

"म्या न्हाई इकणार हे," ती रत्नम्माला म्हणाली. "माझी बाटली थंड ठेवायला उद्याचा पेशंट म्याच तयार करायचा, हे मला जमंना."

रत्नम्मा चिडेल अशी तिची खात्री होती. फ्रीज गेला तर दुकानही अर्धं जाणार. रत्नम्मानं बादलीतल्या बाटल्या एकेक करून पुसल्या.

"पाणी इकशील का?"

"आं?"

"कंपनी पाणी बी देती. आपल्यात कोण इकत घेतंय म्हणून म्या कधी उचलत न्हाई." तिनं तिथंच रुद्रेशला फोन लावला. "पाणी धरतेत का रे खपात?"

"धरतेत, पण त्यात तुम्हाला काय सुटत न्हाई अक्का."

"मला काय सुटतंय ते म्या बघते."

*

औसा रोडला एसट्या थांबतात तिथं त्या महिन्यात जो गाडा उभा राहिला, तो पाहायला हवा होता. ग्यानोबा पायात दवाखान्यानं दिलेली मऊ चप्पल घालून गाडा ढकलायचा. नागुबाई खिडक्यांपर्यंत बाटल्या पोचवायची. धुरपताबाईला चालवत नव्हतं, म्हणून ती दगडावर बसून ओरडायची. आवाजाला कुठलाच आजार नव्हता. मॅडमची एकच अट होती, जेवणाची वेळ चुकवायची नाही. तेव्हा दुपारी गाडीत माणसं तहानलेली असली तरी तिघं लिंबाखाली बसून भाकरी सोडायची. कंडक्टर चिडवायचे, "आजी, गिऱ्हाईक चाललं."

"जाऊ द्या. दुसरी एसटी येती, दुसरी किडनी येत न्हाई."

सगळं मिळून तिघांच्या अंगात दहाएक आजार असतील. धडधाकट माणसाला त्या उन्हात उभं राहवत नव्हतं.

*

महिनाअखेरीला रुद्रेश टेम्पो घेऊन आलाच. खप वाढला होता, पण फ्रीजचा फोटो साहेबांना पाठवल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. धुरपताबाई पायरीवरून उठली नाही.

रुद्रेशनं मोबाइल वर धरला. "वरच्या दोन फळ्यांचाच घेतो अक्का. साहेबाला काय कळतंय."

"खालची बी घे," रत्नम्मा म्हणाली.

"अक्का, कामून उगंच..."

"घे म्हणलं ना. चोरीचा माल न्हाई त्यो."

त्यानं घेतला. बांगडी, बटण, दोरा, सगळं त्यात आलं. फोटो गेला. रत्नम्मानं टेम्पोवाल्याला खरंच चहा दिला. मग रुद्रेशला साहेबांचा फोन आला.

"खाली ते काय ठेवलंय?"

"औषध हाय साहेब. वस्तीतल्या लोकांचं."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "पाण्याचा आकडा तिचाच का?"

"हाव साहेब."

"मग राहू दे तूर्त."

टेम्पो रिकामा वळला. धुरपताबाईनं फ्रीजचं दार उघडलं, बांगडीचा तुकडा बांधलेली डबी चाचपली. गार होती. "तूर्त म्हणजे किती गं?" तिनं विचारलं.

"आजचा दिस तरी," रत्नम्मा म्हणाली. "घे, जेवणाची वेळ झाली तुझी."

*

फ्रीज दुकानात आला त्या उन्हाळ्यात रत्नम्माचा नवरा गुरुबसप्पा जिवंत होता, आणि त्याचं इन्सुलिन दुकानामागच्या खोलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेलं असायचं. फ्रीजच्या दारावरचा कागद तेव्हा ती पाळायची.