कानमिस्त्री

लेक तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आली, तेव्हा मिस्त्रींचं डोकंच फिरलं. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत घेताना ती खिडकीतून ओरडत होती, "ऐका बाबा, ऐका! आला बघा आत्ता!" मिस्त्रींनी हातातला पाना थांबवून ऐकलं. इंजिन ठीक होतं. चाकाखाली खडी करकरली. बाकी काही नाही.

"कुठाय आवाज?"

"अहो, ब्रेक दाबला की येतो. पातळ, शिट्टीसारखा. दात आंबतात अगदी."

"तू गाडी उशिरा शिकलीस ना, म्हणून तुला सगळ्याचीच भीती वाटते."

हे लेकीला चांगलंच झोंबलं. तिने किल्ली बापाच्या हातात न देता बोनेटवर आपटली. "रोज डोंगराचा उतार उतरून कामावर जाते मी. आज नीट बघा, नाहीतर समोर दाखवते."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं नवं गॅरेज. तिथे गाडीला वायर जोडली की पडद्यावर आकडे उमटत. मिस्त्रींकडे पडदा नव्हता, कान होता. तीस वर्षं लोक त्यांना कानमिस्त्री म्हणत आले होते आणि त्यांना ते आवडायचंही. त्यांची रीतच तशी होती. गिऱ्हाइकाला तोंड उघडू द्यायचं नाही. एकट्याने गाडी काढायची, काचा वर, पंखा बंद, आणि फेरी मारून आल्यावर चाकाला हात न लावता सांगायचं, मागचं डावं बेअरिंग. खोलून बघावं तर तेच निघे. आता सख्खी लेकच समोर गेली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

ते तणतणतच गाडी घेऊन बाहेर पडले.

चौकात त्यांनी ब्रेक दाबला. बसथांब्यावरच्या चौघांनी माना वळवल्या. लोक ओळखतात आपल्याला, असं वाटून मिस्त्रींनी ऐटीत मान डोलावली. पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक दाबला, तर फळवाल्याने तोंड वेडंवाकडं केलं. त्याच्याशी काही वाकडं असल्याचं मिस्त्रींना आठवेना. त्यापुढे एका बाईच्या कडेवरचं झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं. आता मात्र त्यांना चैन पडेना. रस्त्याकडेच्या बाकावर एक म्हातारा पेपर वाचत होता. त्याच्यासमोर मिस्त्रींनी मुद्दामच ब्रेक दाबला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी कान झाकले.

मिस्त्रींनी काच खाली केली, हातभर पुढे जाऊन पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. त्यांना फक्त टायरची सरसर ऐकू येत होती.

"अहो, किती छळाल?" म्हातारा खेकसला. तेवढं मात्र नीट ऐकू आलं.

परत आल्यावर त्यांनी गाडी थेट आत घेतली. जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं. मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी चाकाच्या फटीतून ब्रेकचा बाहेरचा पॅड पाहिला होता. तो जाड होता, म्हणून विषय संपला होता. आता दोन्ही पॅड धरून ठेवणारा कॅलिपर उघडला. त्याची एक पिन गंजून अडकली होती, त्यामुळे आतला पॅड एकटाच झिजत गेला होता. त्याच्या कडेची पत्र्याची बारीक जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून चकचकीत झाली होती. पॅड संपत आला की किंचाळायचं, एवढंच त्या जिभेचं काम. बिचारी महिनाभर बोंब मारत होती आणि कानमिस्त्री तिला वेड्यात काढत होते.

लेक शेजारी उकिडवी बसली. "बाबा, आई सांगत होती, घरातली बेल तीनदा वाजवावी लागते म्हणून. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम उठत नाही."

मिस्त्री पिन घासत राहिले. घासून, वंगण लावून त्यांनी ती सरकती केली, दोन्ही बाजूंना नवे पॅड बसवले. हात सफाईने चालत होते, पण लाजेने कानशिलं तापली होती.

"बस. तू चालव," ते म्हणाले. "आवाज आला की सांग."

तिने गल्लीच्या टोकापर्यंत दहा वेळा ब्रेक दाबला. "गेला, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

एवढ्या वर्षांत लोकांनी त्यांच्या शब्दावर गाड्या नेल्या होत्या. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायची वेळ पहिल्यांदाच आली होती आणि ती त्यांना सोसवेना. गॅरेजमध्ये परतल्यावरही ते बसले नाहीत. फडकं घेतलं, टाकलं, पुन्हा घेतलं. आणखी कुणाकुणाला आपण 'आवाज नाही' म्हणून परत पाठवलं? एक टॅक्सी होती. एक लाल गाडी होती. आणि मग आठवलं. शाळेची व्हॅन! तीन आठवड्यांपूर्वीच. 'धूळ अडकली असेल, जा बिनधास्त,' असं सांगून त्यांनी वर व्हॅनवाल्याच्या पाठीवर थाप मारली होती.

घड्याळाकडे बघत त्यांनी फोन लावला. शाळा नुकतीच सुटली असणार. लेकीने फोन काढून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला मिस्त्री!" मागे पोरांचा नुसता कल्ला.

"तुझ्या ब्रेकचा तो बारीक आवाज..."

"तो ना? गेला की! तुम्ही म्हणालात तसा आपोआप गेला. आता नुसती घरघर राहिलीय. थांबा, उतारावरच आहे, ऐकवतो."

"नको रे—"

त्याने ब्रेक दाबला. फोनमधून खरबरीत, जाड घरघर आली, लोखंडाने लोखंड खाल्ल्यासारखी. हा आवाज मिस्त्रींना स्वच्छ ऐकू आला. पॅड पार संपले होते.

"गिअर खाली आण. हळूहळू कडेला घे. पोरांना उतरव आणि चाकांना दगड लाव!"

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून?"

लेक मान खाली घालून उभी होती.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाही," मिस्त्री मोठ्याने म्हणाले. "तेव्हाही आला नव्हता. तू थांबव गाडी!"

पलीकडे घरघर वाढली, मग नुसता गलका. त्यात व्हॅनवाला काहीतरी बोलला, पण मिस्त्रींना शब्द लागेनात. त्यांनी लेकीचा दंड घट्ट धरला.

"काय म्हणाला? काय म्हणाला गं तो?"

"थांबली, बाबा," ती म्हणाली. "मुलं उतरतायत."