विहिणीचं गाणं आणि फुकटची साइट

रम्याच्या लग्नात तिच्या आत्याने, सगुणाबाईंनी, विहिणीवर गाणं रचलं, हा काही गुन्हा नव्हता. घरची रीतच ती. वरमाईला मांडवात बसवून तिच्या नाकापासून मानपानापर्यंत सगळं गाण्यात ओढायचं. मग वरमाईनं हसत गाणारणीच्या तोंडात साखर घालायची. साखर पडली की गाणं मिटलं. ते पुन्हा कुणी कुठे गायचं नाही. रम्याच्या सासूबाईंनी, हेब्बाळच्या प्रतिमाक्कांनीही चांगली मूठभर साखर घातली होती.

गाढवपणा केला तो रम्याच्या भावाने, अभिराजने. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात साहेब म्हणून मिरवणाऱ्या या शहाण्याने अमेरिकेतल्या काकाला दिसावं म्हणून लग्नाचा व्हिडिओ इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर चढवला. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, तेही अडखळत चालणारं. पण साइटवाल्यांनी गाण्याचा तुकडा केबलवाल्याला विकला आणि तो रोज सहाच्या सिनेमाआधी हेब्बाळभर वाजू लागला. भाजीवालासुद्धा प्रतिमाक्कांच्या नाकाकडे बघून हसायचा. काही दिवस त्यांनी सोसलं आणि मग सुनेला माहेरी धाडलं. गाणं बंद होईपर्यंत रम्याने त्यांचा उंबरा चढायचा नाही.

सगुणाबाई अभिराजला घेऊन साइटच्या इंदिरानगरातल्या ऑफिसात धडकल्या. मालक ध्रुव पुण्याहून आलेला. केस चोपडे, जीभ त्याहून चोपडी. त्याने सगुणाबाईंना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि वर कायदा शिकवला. अभिराजने अटी मान्य असल्याचं बटण दाबलं होतं, तेव्हा व्हिडिओ कुणालाही द्यायचा हक्क कंपनीचा. अटी न वाचताच दाबलं, तर तो त्याचा प्रश्न.

"आणि आजी, ही ट्रॅडिशनल गाणी. त्यांना ओनर नसतो."

सगुणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. डोकं शिणवून जुळवलेलं गाणं, आणि हा लेकाचा त्याला बेवारशी म्हणत होता! शब्द त्यांचे, नाक प्रतिमाक्कांचं, मग विकणारा हा कोण टिकोजीराव?

"अभी, तुझा क्यामेरा काढ," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि तिथेच खड्या आवाजात सुरुवात केली.

"पुण्याहून आलं ध्यान गं, दुकान मांडलं बोलाचं,
फुकट घेतं लोकांचं गं, विकतं रोकड मोलाचं."

पुढच्या कडव्यात चोपड्या केसांखाली लपवलेलं टक्कल निघालं. ऑफिसातल्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसू लागल्या. ध्रुवचे कान लाल झाले. आपल्या परवानगीशिवाय हे कुठेही टाकता येणार नाही, असं तो बजावू लागला.

"प्रतिमाक्कांना विचारलं होतंस काय रे, अप्पा?" सगुणाबाई म्हणाल्या. "फुकटवाला काय तू एकटाच आहेस? दुसऱ्याकडे चढवेल अभी. बटण दाबायला त्याला स्वल्पही वेळ लागत नाही."

मग मात्र हक्कही गेले आणि अटीही गेल्या. ध्रुवने व्हिडिओ काढून टाकला, फोनवर केबलवाल्याची मनधरणी केली आणि आता हे नवं गाणं पुसा म्हणून विनवू लागला. सगुणाबाईंनी त्याला साखरेची रीत सांगितली. तो स्वतः धावत जाऊन चमचाभर साखर घेऊन आला.

सगुणाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. हक्कांचा हा मोठा धनी चमचा धरून त्यांच्यापुढे ताटकळत उभा राहिला. सहा वाजून गेल्यावर अभिराजच्या खिशातला फोन खणखणला. त्याने तो घेतला.

"आत्या, प्रतिमाक्का आहेत. आज गाणं लागलं नाही म्हणतात. रम्याला पाठवा म्हणाल्या."

तेव्हा सगुणाबाईंनी तोंड उघडलं.