डाव्या गालाच्या आत

मंगलला फोटोत हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. घरातल्या सगळ्या फोटोंत ती एक तर पदर तोंडाला लावून उभी, नाहीतर ओठ असे घट्ट मिटलेले की जणू फोटो काढणारा तिचे दातच चोरायला आलाय. पण आता थोरल्या विश्वजितचा साखरपुडा होता, येत्या रविवारी, सांगलीत. आणि धाकट्या अपेक्षानं ठरवून टाकलं होतं की या वेळी आई हसणार. चांगली दात दाखवून हसणार.

अपेक्षानं एकदा ठरवलं की घरात दुसऱ्या कुणाचं चालत नसे. म्हणजे अलीकडेच चालेनासं झालं होतं. त्याआधी ती वर्गात हजेरी द्यायलासुद्धा पुटपुटायची. मग वडूजच्या तिच्या शाळेत पोरांचे दात तपासायला सांगलीहून डॉक्टर सुमैरा आल्या, आभार मानणारी मुलगी नेमकी तापानं पडली आणि बाईंनी दहावीतल्या अपेक्षाला पुढं ढकललं. हातात कागद नाही, काही नाही, ती जी बोलत सुटली ती थांबेचना. पोरं टाळ्या पिटत होती, डॉक्टर हसत होत्या. जाताना म्हणाल्या, विश्रामबागेत माझा दवाखाना आहे, आईला घेऊन ये एकदा. त्या दिवशी अपेक्षाचं तोंड उघडलं ते उघडलंच.

मंगलचे दात काळे होते ते मिशरीनं. जुन्या तव्यावर पार काळी होईपर्यंत जाळून कुटलेली तंबाखू ती डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, भांडण झाल्यावर आणि भांडण मिटल्यावरही बोटानं दातांना लावायची. मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं ती चारचौघींत बिनदिक्कत सांगायची. नवरा लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला कडेगावकडच्या रानात गेलेला असला की दिवसभर तिची सोबत म्हणजे ती कमरेची डबी.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडं अपेक्षाचं नीटसं लक्ष गेलं नव्हतं. दिवाळीपासून आई ठेचा खात नव्हती. जी बाई ठेच्याशिवाय भाकरीला हात लावत नसे, ती दुधात भाकरी कुस्करून उजव्या बाजूनं हळूहळू चघळत बसायची. विचारलं की म्हणायची, उष्णता झालीया.

बुधवारी दोघी सांगलीच्या एसटीत बसल्या. खिडकीबाहेर माळ संपून ऊस सुरू झाला तशी मंगल लेकीकडं वळली.

"त्या डॉक्टरणीम्होरं मिशरीचं नाव काडायचं न्हाई," ती म्हणाली. "सोयरं त्याच भागात ऱ्हात्यात. विश्वाची सासू शाळंत बाई हाय. तिच्या कानावर गेलं म्हंजे म्हनंल, कसल्या घरात पोरगी दिली."

अपेक्षाला हसूच आलं. दात काय बोलायचे थांबणार होते का? पण आईचा चेहरा बघून तिनं गळ्याला हात लावला आणि शपथ घेऊन टाकली.

दवाखान्यात लवंगेसारखा वास होता. खुर्ची मागं कलायला लागली तशी मंगलनं विहिरीत घसरल्यागत अपेक्षाचं मनगट धरलं. डॉक्टर सुमैरा मोठ्या बोलक्या. गळ्याभोवती निळा कागद बांधता बांधता त्यांनी सगळं समजावलं. सुई नाही, कापाकापी नाही. एक बारीक टोकाचं यंत्र थरथरतं, त्यातून पाणी उडतं, आणि दातांवर दगडासारखं बसलेलं कीटण सुटून येतं. आवाज कानाला टोचेल, थोडं रक्त येईल, घाबरायचं नाही. दोन-चार दिवस गार पाणी ठणकेल. मंगलनं पडल्या पडल्या शंका काढली. शेजारच्या धोंडुबाईनं दात साफ करून घेतले आणि ते हलायलाच लागले, मग? डॉक्टर म्हणाल्या, ते आधीच हलत होते मावशी, कीटणानं नुसते चिकटून राहिले होते. त्यानं हिरडी आतून खाल्लेली असते, साफ केल्यावर ते दिसतं एवढंच.

मग त्यांनी विचारलं, तंबाखू, पान, मिशरी?

"मिशरी लावत हुते आदी," मंगल म्हणाली. "विश्वाच्या वक्ताला सोडली."

विश्वजित पंचवीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी अपेक्षाकडं पाहिलं. शाळेत माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी अपेक्षा डॉक्टरांच्या स्टुलाच्या चाकांकडं बघत राहिली.

यंत्र सुरू झालं. बारीक, किरकिरणारा, न संपणारा आवाज. डॉक्टर मध्ये मध्ये सांगत होत्या, हा खालचा भाग झाला, आता वरचा, थुंका, शाब्बास मावशी. वाटीत काळे कपचे पडत होते, त्यांच्याभोवती लाल पाणी फिरत होतं. काळ्याखालून पिवळट पांढरा दात वर आला तेव्हा अपेक्षाला नाचावंसं वाटलं. शेतातला दगड उचलावा आणि खाली अंडं सापडावं, तसं.

"आता डाव्या बाजूला वळते," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी आरशानं गाल बाजूला ओढला.

त्यांचा हात तिथंच थांबला.

यंत्र बंद झालं. बाहेरचा रस्ता ऐकू यायला लागला. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आत घातलं आणि बाहेरून अंगठा लावून, पिठात खडा आहे का बघावं तसं चाचपलं. अपेक्षानं मान लांब केली. आत, खालच्या दाढेजवळ, पांढरा चट्टा होता. दुधाची साय सुकून खडबडीत व्हावी तसा, आणि मधोमध लाल.

डॉक्टरांनी विचारलं, दाबल्यावर दुखतंय का?

"अजिबात न्हाई," मंगल खुशीत म्हणाली. परीक्षेत पास झाल्यासारखी.

डॉक्टर खूश झाल्या नाहीत. त्यांनी त्याच जागी पुन्हा दाबलं, पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. मग म्हणाल्या, तिथल्या दाढेचा एक कोपरा तुटलाय, त्याची धार लागत असेल. ती घासून गोल करते. मिशरी नाही म्हणताय तर धारेमुळंच असेल, पंधरा दिवसांत बरं व्हायला पाहिजे. मग परत दाखवा.

शेवटी गोडसर पेस्ट लावून दात घासून चकचकीत केले आणि आरसा हातात दिला. मंगलनं स्वतःला पाहिलं, घाईनं पदर ओढला, परत बाजूला केला. अपेक्षा बघतच राहिली. आई सुंदर होती. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेरच्या बाकावर अपेक्षा पायात चपला अडकवत होती. मान वर केली तर आई भिंतीकडं तोंड करून उभी. कमरेची डबी उघडलेली, आणि चिमूट तोंडात, डाव्या गालात चाललेली.

"आई, आत्ताच साफ केलंय की."

"झोंबतंय गं, पानी लागलं न्हवं." मंगलनं बोटानं दाबून दाबून मिशरी नेमकी त्या जागी बसवली. "तितं जरा जास्तीची दाबून ठिवली की गप हुतंय. दिवाळीपास्नं ह्याच्यावरच दिस काडलं की मी. रात्री तर तशीच धरून झोपती."

अपेक्षाच्या हातातली चप्पल तशीच राहिली. ठेचा, दुधातली भाकरी, उजव्या बाजूनं चघळणं. आणि ती खुशी, अजिबात न्हाई म्हणतानाची. दुखत नव्हतं, कारण आई त्या जागेला रोज तेच औषध लावत होती. आणि ते औषध, दर पंधरवड्याला चुलीवर तवा ठेवून, ठसका लागू नये म्हणून नाकाला ओढणी बांधून, जाळून कोण देत होतं? अपेक्षाच.

पंधरा दिवस. अजून पंधरा रात्री तशीच धरून झोपायचं.

गळ्याला हात लावून घेतलेली शपथ तिला आठवली. आईनं नजरेनंच बजावलं. तरी ती उठली, एका पायात चप्पल तशीच, आणि दार ढकलून आत गेली.

"मॅडम, आई खोटं बोलली. मिशरी लावते ती. त्याच जागी लावते, चट्ट्यावर. रात्रभर."

आवाज शेवटच्या बाकापर्यंतच काय, बाहेरच्या बाकापर्यंत गेला होता.

डॉक्टर रागावल्या नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी मंगलला आत बोलावलं, हळू आवाजात सांगितलं, आता पंधरा दिवस थांबायचं नाही, उद्याच मिरजेला जायचं. तिथले डॉक्टर त्या जागेचा बारीकसा तुकडा काढतील, तपासायला पाठवतील. मंगलनं विचारलं, साखरपुडा झाल्यावर न्हाई का चालणार? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मिरजेला गेल्या, तुकडा काढला, आत टाका पडला. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. परतीच्या एसटीत मंगलनं डबी काढून लेकीच्या मांडीवर टाकली आणि खिडकीकडं तोंड केलं. डबी अंगाच्या उबेनं कोमट होती. अपेक्षानं ती घट्ट धरली, जणू सोडली तर परत आईकडं पळत जाईल.

रविवारी साखरपुडा झाला. फोटो काढणारा म्हणाला, आई, थोडं हसा. मंगलचा हात पदराकडं गेला, अर्ध्यावर थांबला. ती हसली. सगळे बघत राहिले, आणि विश्वजित तर म्हणाला, ही कुणाची आई आणली? सगळे आईच्या दातांकडं बघत होते. एकटी अपेक्षा बघत होती ती डाव्या गालाकडं. तो किंचित वर आला होता. टाक्यामुळंच असेल. टाक्यामुळंच.

जेवणं झाल्यावर बायका आतल्या खोलीत टेकल्या. विश्वजितची सासू, ती शाळेतली बाई, मंगलजवळ सरकली. तिनं दाराकडं बघून घेतलं, पर्स उघडली आणि एक चपटी डबी उघडून पुढं केली.

"घ्या विहीणबाई. जेवल्यावर मला हिच्याशिवाय होत नाही. बाहेर बोलू नका बरं का, शाळेत कुणाला माहीत नाही."

तोच वास. जुन्या तव्याचा.

मंगलचा हात उठला. सवयीनं बोट चिमटीला वळलं. अपेक्षा त्या बोटाकडं बघत होती. मग मंगलनं वरून झाकण दाबून डबी बंद केली.

"लावा की," ती म्हणाली, "पन आदी माझ्या पोरीला आ करून दाखवा. डाव्या अंगानं."

विहीणबाईंना ती सोयऱ्यांमधली गंमत वाटली. त्या खळखळून हसल्या, डोकं मागं टाकलं आणि मोठा आ केला.

अपेक्षानं मोबाईलचा दिवा लावला आणि वाकून आत पाहिलं. खालच्या दाढेजवळ तशीच सुकलेली साय होती. मग ती सरळ झाली आणि आईकडं बघायला लागली.